एमएसडब्ल्यूला अर्ज करायचाय, एसओपी वाचून कुणी खरं खरं सांगेल का?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचते, लिहायची पहिलीच वेळ आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३१, पदवी कॉमर्सची. गेली ७ वर्षं एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स डिपार्टमेंटला आहे. त्यातली शेवटची २ वर्षं आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एका हेल्पलाइनवर व्हॉलंटियर म्हणून फोन घेते. आता नोकरी सोडून समाजकार्यात मास्टर्स (एमएसडब्ल्यू) करायचं ठरवलंय, म्हणजे जवळजवळ ठरवलंय, अजून ऑफिसमध्ये कुणाला बोलले नाहीये. देश नक्की नाही, तीनचार ठिकाणी अर्ज टाकायचा विचार आहे.

अडचणी अशा की दुसऱ्या वर्षाला घरी मोठं आजारपण होतं त्यामुळे त्या वर्षीचे मार्क फारच वाईट आहेत, दाखवायची लाज वाटते. दुसरं म्हणजे शिफारसपत्रं. कॉलेज सोडून दहा वर्षं झाली, एकाही प्रोफेसरना माझं नाव आठवणार नाही, चेहरा तर सोडाच. आणि तिसरं म्हणजे एसओपी, हा कोर्स का करायचाय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध. सुरुवात खाली देतेय, कृपया गोड बोलू नका.

"लहानपणापासूनच मला इतरांना मदत करण्याची अतिशय आवड आहे. समाजाचे आपण काही देणे लागतो या भावनेतून मी हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून रुजू झाले. तेथे आलेल्या अनुभवांनी माझे आयुष्य बदलून गेले."

(संपादन: याच्यापुढचा परिच्छेद काढून टाकलाय. का ते खाली सावलीताईंच्या प्रतिसादात कळेल.)

तिरकस

गोड बोलू नका म्हणालात म्हणून विचारतो. मदत करायला डिग्री कशाला लागते? हेल्पलाइनवर २ वर्षं डिग्रीशिवाय फोन घेतलेच ना? चांगली पगाराची नोकरी सोडून दोन वर्षं वर्गात बसायचं, वर फी भरायची, आणि शेवटी हातात काय, तर तुम्ही चांगल्या आहात असा कागद.

निळासावळा

तिरकसराव, हा प्रश्न तुमच्या आधी शंभर वर्षं विचारून झालाय. १९१५ मध्ये अमेरिकेत अब्राहम फ्लेक्सनर नावाचे गृहस्थ (ज्यांच्या रिपोर्टमुळे तिथलं मेडिकल शिक्षण उलटंपालटं झालं तेच) समाजकार्याच्या परिषदेत उभे राहून म्हणाले की समाजकार्य हा अजून खऱ्या अर्थाने प्रोफेशन नाही, कारण याची स्वतःची शिकवता येईल अशी पद्धत नाही. ऐकणाऱ्यांना चांगलंच झोंबलं. आणि दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, मेरी रिचमंड यांनी केसवर्कची (एकेक माणूस किंवा घर धरून मदत करायची) पद्धत जाडजूड पुस्तकात मांडली, माहिती कुणाकडून घ्यायची, कशी पडताळायची, एकाच घराबद्दल दोन जण वेगळं सांगतात तेव्हा काय करायचं, असं सगळं. शिकवण्याची सुरुवात त्याच्याही आधीची, १८९८ ला न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी कोर्स निघाला होता. आपल्याकडे १९३६ ला मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, आजचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ते हेच.

सांगायचा मुद्दा असा की डिग्री चांगुलपणाची नसते. वाईट स्वभावाचे एमएसडब्ल्यू मी पाहिलेत, एक तर माझा बॉसच होता.

सावली

पाटी, मी गेली ११ वर्षं हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे, फील्डवर्कला (कोर्समधल्या प्रत्यक्ष कामाला) येणाऱ्या विद्यार्थ्यांना सुपरव्हाइजही करते. पहिल्या परिच्छेदाचं नंतर बोलू. आधी दुसरा परिच्छेद ताबडतोब काढ. आत्ता. हे वाचून झालं की लगेच.

रागावत नाहीये. तू त्या फोन करणाऱ्या बाईंचं नाव बदललंस हे मला दिसलं, पण वय ठेवलंस, नोकरी कसली ते ठेवलंस, मुलं किती ते ठेवलंस, आणि फोन कुठल्या महिन्यात आला तेही ठेवलंस. त्या बाईंच्या ओळखीच्या कुणीही हे वाचलं तर दोन मिनिटांत ओळखतील, आणि त्या स्वतः वाचतील तर काय वाटेल याचा विचार कर. हेल्पलाइनला फोन करताना त्यांना कुणीतरी सांगितलं असणार की इथलं बोलणं इथेच राहील. ते सांगणारी कदाचित तूच होतीस.

आता अर्जाच्या दृष्टीने. हा परिच्छेद तुला सगळ्यात भारी वाटत असणार, हो ना? वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येईल असा. आणि नेमका त्याच्यावरच तुझा अर्ज बाजूला पडू शकतो, कारण वाचणारे स्वतः समाजकार्यवाले असतात, त्यांना गोष्ट दिसायच्या आधी गोपनीयता मोडलेली दिसते. ज्या उमेदवाराने अर्जातच क्लाएंटची माहिती बाहेर काढली त्याला फील्डवर पाठवायची जोखीम कोण घेणार?

कोरी_पाटी

काढला. खरंच लाज वाटतेय. ट्रेनिंगमध्ये गोपनीयतेचा अख्खा एक दिवस होता आमचा आणि मी नाव बदललं की झालं असं धरून चालले. हेल्पलाइनच्या कोऑर्डिनेटरना पण उद्या सांगणार आहे की असं असं झालं, ऐकून घेईन काय बोलतील ते.

पण मग ताई, अनुभवाबद्दल लिहायचंच नाही का? मग माझ्याकडे उरतं काय?

सावली

कोऑर्डिनेटरना सांगणार आहेस हे चांगलं केलंस.

लिहायचं ना, पण तिच्याबद्दल नको, तुझ्याबद्दल लिही. फोन चालू असताना तू काय करत होतीस, कुठे घाईने सल्ला दिलास, कुठे गप्प बसता आलं नाही. समोरच्याची ओळख पटेल असा एकही तपशील न देता हे सगळं लिहिता येतं. जमत नसेल तर तो अनुभव अजून पचलेला नाही असं समज आणि दुसरा घे.

रानजाई

मी सध्या एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून ताजं ताजं सांगते. कॉलेज निवडताना सगळे रँकिंग बघतात, इमारत बघतात, मी पण तेच केलं. बघायला हवं ते फील्डवर्क. कारण हा कोर्स वर्गात निम्माच होतो. अमेरिकेत सीएसडब्ल्यूईची (समाजकार्याचे कोर्स तपासणारी तिथली परिषद) मान्यता असलेल्या कुठल्याही मास्टर्सला कमीत कमी ९०० तास फील्ड लागतं, ऑस्ट्रेलियात तिथल्या समाजकार्य संघटनेच्या, एएएसडब्ल्यूच्या, नियमात १००० तास आणि तेही निदान दोन वेगळ्या ठिकाणी, इंग्लंडमध्ये २०० दिवस, त्यातले ३० कौशल्यांच्या सरावाचे. हे सगळं बहुतेक वेळा बिनपगारी असतं हे कुणी आधी सांगत नाही!! म्हणजे वर्ग अधिक फील्ड अधिक असाइनमेंट, त्यात पार्टटाइम नोकरी बसवायची तर झोप कुठे बसवायची हा प्रश्न. माझ्या वर्गातल्या एकीने पहिल्या सेमिस्टरला नोकरी चालू ठेवली होती, दिवाळखोरी टळली पण तब्येत गेली.

त्यामुळे अर्ज करायच्या आधी ईमेल टाकून विचार की प्लेसमेंट (फील्डवर्कची जागा, नोकरी नव्हे) कोण शोधतं, कॉलेज की तुम्ही स्वतः, हवं तसं क्षेत्र मिळतं का, सुपरव्हायझर त्याच संस्थेतला असतो का बाहेरचा, आणि प्लेसमेंट मध्येच बिनसली तर काय करतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कसं येतं त्यावरून कॉलेज कळतं. मला एका ठिकाणाहून 'असं आमच्याकडे होत नाही' असं उत्तर आलं होतं, तिथे मी अर्जच केला नाही.

तिरकस

९०० तास बिनपगारी. आणि मलाच तिरकस म्हणतात.

जुनं_खोड

निवृत्त आहे, बारा वर्षं एमएसडब्ल्यूच्या प्रवेश समितीवर काढली. कुठल्या ते राहू द्या. टायपिंगला वेळ लागतो, त्यामुळे एकदाच सगळं लिहितो.

ताई, तुमची पहिली ओळ, 'लहानपणापासूनच मला इतरांना मदत करण्याची'. अर्जांचा गठ्ठा समोर असायचा, दिवसाला तीस चाळीस वाचायचे, आणि त्यातले निम्मे याच ओळीने सुरू व्हायचे. खोटी असते असं नाही म्हणत, खरीच असते बहुतेकांची. पण ती वाचून मला अर्जदाराबद्दल काहीच कळत नाही. नर्सिंगला जाणारा हेच लिहितो, शिक्षक होणारा हेच लिहितो. मग समाजकार्यच का, हा प्रश्न तसाच राहतो. त्यातून पुढे लिहितात की मला समुपदेशन करायचंय, म्हणजे एकेकाशी बोलून त्याचं मन हलकं करायचंय. अहो मग मानसशास्त्राला जा, तिथे तुम्हाला जास्त चांगलं शिकवतील. समाजकार्यात माणूस आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती एकत्र बघतात, घर, शेजार, नोकरी, कायदा, कुठल्या खिडकीवर कुठला कागद मागतात, सगळं. एखादा माणूस औषध घेत नाही तर त्याला त्याचं महत्त्व पटलं नाही असं धरायचं, की औषध वाटतात त्याच वेळी त्याची कामाची पाळी सुरू होते हे शोधायचं? दुसरा प्रश्न ज्याला आपणहून सुचतो त्याला मी कमी मार्कांवर सुद्धा घ्या म्हणून भांडलोय.

मार्कांचं सांगतो. एक वर्ष वाईट असेल तर मुख्य एसओपीत त्याचं रडगाणं नको. बऱ्याच ठिकाणी वेगळं टिपण जोडायची सोय असते, तिथे तीनचार ओळी, काय झालं, कधी संपलं, नंतरचे मार्क कसे आहेत. बस. आम्ही चढउतार बघायचो, एकच खड्डा असेल आणि पुढे रस्ता नीट असेल तर कुणी अडत नाही.

शिफारसपत्राला प्रोफेसरच पाहिजेत असं बहुतेक ठिकाणी नसतं, नोकरी करून आलेल्यांकडून तर नसतंच, पण प्रत्येक ठिकाणचा नियम नीट वाचा, काही जण एक तरी शैक्षणिक पत्र मागतात. हेल्पलाइनच्या कोऑर्डिनेटर चालतील, ऑफिसातले थेट वरिष्ठ चालतील. नात्यातला, नगरसेवक, एखाद्या ट्रस्टचे अध्यक्ष ज्यांनी तुम्हाला एकदा हार घातला, हे चालत नाहीत. 'ही मुलगी अत्यंत कष्टाळू व मनमिळाऊ आहे' अशी पत्रं मी हजाराने वाचली असतील आणि एकही लक्षात नाही. एक लक्षात आहे, त्यात सुपरव्हायझरने लिहिलं होतं की हा मुलगा पहिल्या महिन्यात सगळ्यांना तोडत बोलायचा, मी सांगितल्यावर चिडला, दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला बरोबर आहे तुमचं. त्याला घेतला.

आता माझा तुम्हाला एक प्रश्न. तुम्ही ७ वर्षं क्लेम्समध्ये आहात. दिलेल्या मसुद्यात त्यावर एकही ओळ नाही. का?

कोरी_पाटी

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. का नाही लिहिलं तर मला वाटलं त्यात समाजकार्यासारखं काय आहे, मी तर क्लेम नाकारायचं काम करत होते. उलट लपवावं असंच वाटत होतं.

म्हणजे आमचं काम असं की क्लेमची फाइल आली की चेकलिस्ट लावायची, सगळे कागद आहेत का, सगळीकडे नाव एकच आहे का, तारखा जुळतात का, आणि एक जरी अडलं तर 'डॉक्युमेंट अपूर्ण' चं छापील पत्र पाठवायचं, पत्राला उत्तर नाही आलं तर ठरलेल्या मुदतीनंतर फाइल बंद. पहिली दोन वर्षं मी हे मुकाट्याने केलं, वेगात करायचे, शाबासकी पण मिळायची. मग कधीतरी लक्षात यायला लागलं की ज्या फाइली बंद होतात त्या खोट्या क्लेमवाल्यांच्या नसतात, खोटं करणारे कागद एकदम चोख आणतात. बंद होतात त्या अशांच्या ज्यांच्या नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे, लग्नानंतरचं नाव एकीकडे आणि आधीचं दुसरीकडे, किंवा घरातला जो माणूस फॉर्म भरायचा तोच गेलाय आणि मागे राहिलेल्याला पत्रातली भाषाच कळत नाही. पत्र मिळतं, ते घाबरून कपाटात ठेवतात, संपलं.

मग मी पत्र पाठवण्याआधी फोन करायला लागले. पाच मिनिटांत काम व्हायचं, अहो फक्त अमुक दाखला जोडा. पण फोन केला की माझा फाइलींचा आकडा कमी पडायचा आणि महिन्याच्या मीटिंगला माझं नाव खाली दिसायचं. साहेब वाईट नव्हते, म्हणाले तुझं बरोबर आहे गं पण फोनचा कॉलम रिपोर्टमध्ये नाही. म्हणून मग मी त्या छापील पत्राला एक पान जोडायचं सुचवलं, साध्या भाषेत, नेमका कुठला कागद हवा त्यावर खूण करायची. सहा महिने वापरलं. उत्तरं जास्त यायला लागली, हे माझं निरीक्षण, मोजलं कुणी नाही. मग सिस्टिम बदलली आणि नव्या सिस्टिममध्ये ते पान बसलं नाही. तेव्हापासून मन उडालंच थोडं. हेल्पलाइनला त्यानंतरच जायला लागले खरं तर.

बाप रे, किती लिहिलं मी.

तिरकस

हे लिहा की मग. ते लहानपण कशाला?

सावली

तिरकसशी पहिल्यांदाच सहमत आहे, तारीख नोंदवून ठेवा कुणीतरी.

पाटी, तू आत्ता जे लिहिलंस ते आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो, फक्त जड शब्दांत. आधी तुला वाटत होतं माणसाने कागद आणले नाहीत, मग तुला दिसलं की कागद मागण्याची पद्धतच अशी आहे की ठरावीक माणसं गळतात. एकेकाला फोन करणं हे केसवर्क झालं. ते पान करणं ही पद्धत बदलायची खटपट झाली. आणि ते पान नव्या सिस्टिममध्ये बसलं नाही हेसुद्धा लिही, गाळू नकोस. यशाच्याच गोष्टी लिहिणाऱ्या उमेदवारांची मला भीती वाटते, फील्डवर पहिलं अपयश आलं की कोसळतात.

चकवा

थोडं वेगळं सांगतो, कारण मी एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा घुसलेला माणूस आहे. माझ्या घरात व्यसन होतं, त्यात माझं बालपण गेलं, आणि पहिल्या वर्षीच्या एसओपीत मी दोन पानं तेच लिहिलं. सगळं. मला वाटलं यापेक्षा मोठं कारण काय असणार. नकार आला, कारण कळवत नाहीत, पण मुलाखतीत एका मॅडमनी विचारलं होतं की तुमच्या वडिलांसारखा क्लाएंट समोर आला तर काय कराल, आणि मी म्हणालो मी त्याला सुधारून दाखवीन. त्या नुसत्या हं म्हणाल्या. तो हं मला वर्षभर ऐकू येत होता.

दुसऱ्या वर्षी घरचं चार ओळींत लिहिलं आणि बाकी व्यसनमुक्ती केंद्रात वर्षभर काम केलं त्याबद्दल. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत आला, म्हणालो की मला राग येईल, तो येतोय हे मी सुपरव्हायझरला सांगीन आणि गरज पडली तर ती केस दुसऱ्याकडे द्या म्हणीन. मिळालं अॅडमिशन. त्यामुळे माझं मत, स्वतःचं दुःख एसओपीत घालूच नका.

रानजाई

घालूच नका हे जरा जास्त होतंय चकवा. स्वतः सोसलेल्या माणसाला जे कळतं ते पुस्तकवाल्याला कळत नाही, आणि या क्षेत्रात अशा माणसांची गरज आहे. मी स्वतः अपंगत्वाबद्दल लिहिलं होतं, माझ्याच. लपवलं असतं तर माझ्या अर्जाला अर्थच राहिला नसता.

चकवा

तू लिहिलंस ते का चाललं आणि माझं का नाही?

रानजाई

माहीत नाही. मी त्यात रॅम्प नसलेल्या इमारतीत तक्रार कुणाकडे करायची हे शोधताना काय काय कळलं ते लिहिलं होतं, माझे हाल कमी आणि ती तक्रार जास्त. तुझ्या पहिल्या अर्जात तू स्वतः कुठे होतास? तू सांगतोयस त्यावरून त्यात वडील जास्त होते.

चकवा

हम्म. हे लागलं. पण बरोबर आहे.

जुनं_खोड

तुम्हा दोघांचंही बरोबर. एक व्यवहाराचं बोलतो, एसओपी चारपाच अनोळखी लोक वाचतात, पुढे त्यातलेच दोघं तुम्हाला शिकवतात. जे वर्गात उभं राहून सांगायला तयार नाही ते अर्जात लिहू नका.

ओंजळ

मध्येच घुसते, माफ करा. माझं वय ४४. मुलं मोठी झालीत. या वयात एमएसडब्ल्यूला कुणी घेतं का की हसतील? २० वर्षं बचत गटांचं काम केलंय, त्याचे क्रेडिट मिळून कोर्स लवकर संपतो का?

निळासावळा

ओंजळताई, हसणार कोण, उलट वय चालतं, आमच्या वर्गात सगळ्यात जास्त नोट्स मागितल्या जायच्या त्या एका पन्नाशीच्या बाईंच्याच. पण क्रेडिटचं उत्तर नाही असं आहे. अमेरिकेत सीएसडब्ल्यूईचा नियमच आहे की आयुष्याच्या किंवा आधीच्या नोकरीच्या अनुभवावर सोशल वर्कच्या कोर्सचं क्रेडिट द्यायचं नाही. अॅडव्हान्स्ड स्टँडिंग म्हणून जो लवकर संपणारा मार्ग असतो तो सोशल वर्कमध्येच बॅचलर्स, आणि तेही मान्यताप्राप्त, केलेल्यांसाठी. पाटीला पण तो लागू नाही. अनुभव अर्ज जिंकायला कामी येतो, कोर्स कापायला नाही.

आता देशाचं, कारण पाटी म्हणाली नक्की नाही. उलटं चाल. आधी ठरव कुठे काम करायचंय, मग तिथला परवाना बघ, मग कॉलेज. इंग्लंडमध्ये 'सोशल वर्कर' हे नावच कायद्याने राखीव आहे, सोशल वर्क इंग्लंड या नियामक संस्थेच्या रजिस्टरवर नाव असल्याशिवाय लावता येत नाही, आणि तिथे शिकून रजिस्टरवर यायला त्यांनी मान्य केलेलाच कोर्स लागतो, नुसतं नावात सोशल असलेलं एमए चालत नाही, यात माझा एक मित्र फसलाय. अमेरिकेत परवाना राज्यागणिक वेगळा, एकट्याने थेरपी करायची तर एमएसडब्ल्यूनंतर सुपरव्हिजनखाली तास भरायचे आणि परवान्यासाठीची एएसडब्ल्यूबीची परीक्षा द्यायची. बाहेरची डिग्री घेऊन तिथे गेलात तर ती समकक्ष आहे का हे तपासायची सीएसडब्ल्यूईची वेगळी सेवा आहे. भारतात एमएसडब्ल्यूला कुठलाही पदवीधर चालतो, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली सायकिअॅट्रिक सोशल वर्करची व्याख्या बघ, नुसत्या एमएसडब्ल्यूवर भागत नाही, त्यावर त्याच विषयातलं दोन वर्षांचं एमफिल लिहिलंय. म्हणजे एकाच नावाची डिग्री, तीन ठिकाणी तीन किंमती.

जीआरई या प्रवेशपरीक्षेची भीती असेल तर अमेरिकेतले बहुतेक एमएसडब्ल्यू तो मागत नाहीत.

अजून एक, क्लिनिकल का मॅक्रो हे विचारतील. क्लिनिकल म्हणजे एकेका माणसाशी थेट काम, थेरपी वगैरे, मॅक्रो म्हणजे धोरण, संस्था चालवणं, समुदायाचं काम. हे भांडण पण जुनं आहे, एकीकडे रिचमंडबाईंचं घरोघरचं केसवर्क आणि दुसरीकडे जेन अॅडम्स, ज्यांनी १८८९ मध्ये शिकागोत गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाउस हे सेवाकेंद्र काढलं आणि त्या वस्तीतच राहायला गेल्या, पुढे १९३१ ला शांततेचं नोबेल. तुझी क्लेमची गोष्ट वाचून मला तरी तू मॅक्रोवाली वाटतेस.

कोरी_पाटी

मला तर क्लिनिकल हवं होतं. म्हणजे काल रात्रीपर्यंत हवं होतं. आता माहीत नाही.

सावली

नसू दे माहीत. 'मला अमुकच' असं ठासून लिहिणारे पहिल्या सेमिस्टरला बदलतात. दोन्हीकडे ओढ का आहे ते लिही आणि त्या कॉलेजात दोन्ही बघायला मिळतं का ते शोध. आणि हो, प्रत्येक अर्जात 'तुमच्याच संस्थेत का' हा भाग वेगळा लिही. एका मुलीने दुसऱ्याच कॉलेजचं नाव तसंच ठेवून पाठवलं होतं आमच्याकडे.

तिरकस

मिळालं का अॅडमिशन?

सावली

काय वाटतं?

कोरी_पाटी

दहा दिवसांनी परत आले. कोऑर्डिनेटर मॅडमशी बोलले. ओरडल्या नाहीत पण एक तास बसवून घेतलं, माझं गोपनीयतेचं ट्रेनिंग परत होणार आहे. शेवटी मीच घाबरत विचारलं की शिफारसपत्र द्याल का, तर म्हणाल्या देईन, आणि यात हे झालेलं पण लिहीन, चालेल का? चालेल म्हणाले. (काकांच्या त्या तोडून बोलणाऱ्या मुलाची आठवण झाली.) ऑफिसात साहेबांना पण सांगितलं, ते दुसरं पत्र देतायत.

नवी सुरुवात खाली. फाडा.

"सात वर्षांत मी किती पत्रांवर 'डॉक्युमेंट अपूर्ण' असा शिक्का मारला हे मोजलेले नाही. पहिली दोन वर्षे मला वाटत असे की अपूर्ण असतो तो अर्जदार. पत्र पाठवण्याआधी मी फोन करू लागले तेव्हा कळले की बहुतेकांकडे हवा तो कागद घरातच होता. आम्ही तो कुठल्या नावाने मागतो हे त्यांना माहीत नव्हते. मग मी पत्राला जोडण्यासाठी साध्या भाषेतले एक पान तयार केले. ते सहा महिने चालले आणि नव्या संगणक प्रणालीत त्याला जागा नसल्याने बंद झाले. ते का टिकले नाही, टिकवण्यासाठी मी कोणाकडे जायला हवे होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते आणि आजही पूर्ण माहीत नाही. समाजकार्य ही माझी अतिशय मनापासूनची आवड असून मी या क्षेत्रात नक्कीच योगदान देईन."

जुनं_खोड

शेवटचं वाक्य सोडून सगळं ठेवा. ते वाक्य जुन्या मसुद्यातून चालत आलंय.

रानजाई

"आजही पूर्ण माहीत नाही" 👏 मुलाखतीत यावरच प्रश्न येणार बघ, कुणाकडे जायला हवं होतं असं आता वाटतं? त्याचा विचार करून जा, पाठ करून जाऊ नकोस.

सावली

कुणाची ओळख पटत नाहीये, तपासलं. कंपनीचं नाव नाही तेही बरं. पण 'शिक्का मारला' म्हणतेस, खरंच शिक्का होता का? आधी तू छापील पत्र म्हणाली होतीस. असं काही वाढवून लिहू नकोस, मुलाखतीत कुणी विचारलं तर अडखळशील.

कोरी_पाटी

नव्हता शिक्का 🙈 बरं दिसतं म्हणून घातला. काढते. शेवटचं वाक्य पण काढलं. तरी पूर्ण एसओपी शब्दमर्यादेपेक्षा ४० शब्दांनी जास्त होतोय, कुठून कापू कळत नाहीये, सगळंच महत्त्वाचं वाटतंय.

तिरकस

पूर्ण फाइल मेसेजमध्ये पाठवा, बघतो. 'अतिशय' आणि 'नक्कीच' शोधून आधी उडवा, दहाबारा तर तिथेच सुटतील.

कोरी_पाटी

अतिशय ९ वेळा, नक्कीच ६. पाठवते.